तिरपा हत्ती

नगमा नऊ वर्षांची, त्या रविवारी बुद्धिबळाच्या वर्गात पहिल्यांदाच आलेली. चिंतामण पिंजरकर सर नव्या मुलाला आधी पट मांडायला लावत आणि प्रत्येक मोहऱ्याचं नाव मोठ्याने घ्यायला सांगत. त्याने मुलाची भीड चेपते, असा त्यांचा चाळीस वर्षांचा अनुभव होता. नगमाने कोपऱ्यापासून सुरुवात केली. "रुख. घोडा. फील." सरांनी तिसरा मोहरा तिच्या बोटांतून हळूच काढून घेतला. "हा उंट गं. फील म्हणजे हत्ती, तो कोपऱ्यात." "नाही सर, फील हाच असते. कोपऱ्यातला तो रुख." "असं कोण म्हणतं?" "आमच्या घरी सगळेच म्हनते. नाना तं लय वर्साचे खेळून राहिले." मुलं हसली, सरही हसले, आणि हसता हसताच त्यांच्या तोंडात एक चव आली. मूठभर चांगल्या शेंगदाण्यांत एखादा खवट दाणा दाताखाली यावा, तशी. थुंकावंसं वाटलं. पण समोर बावीस मुलं होती आणि राजकमल चौकामागच्या त्या मंगल कार्यालयाच्या जेवणाच्या हॉलमध्ये थुंकायला जागा म्हणजे हात धुण्याची एकच मोरी, तिच्यात कालच्या पंगतीचा भात अडकून फुगलेला. सरांनी आवंढा गिळला. उंट तिच्या हातात परत दिला. "मांड," म्हणाले, "तुला म्हणायचं ते म्हण."

त्या दिवशी त्यांनी गोष्ट सांगितली नाही. खरं तर महिन्याच्या शेवटच्या रविवारी गोष्ट असायची, आणि आज पाळी तिरप्या हत्तीची होती. तीस वर्षं ती गोष्ट ते सांगत आलेले. अकोल्याचा एक पत्र्याच्या पेट्या करणारा माणूस, खेळात असा तरबेज की नागपूरचे लोक त्याला टरकून असत. पण अंतिम सामन्यात घड्याळाचा काटा चढत आला तसा त्याचा धीर सुटला, आणि सगळ्यांची नजर चुकवून त्याने काय केलं? इथे सर थांबत. मग हाताची सोंड करून, कमरेत वाकून, हॉलच्या एका कोपऱ्यातून तिरपे तिरपे डुलत निघत. मुलं हसून लोळायची. "हत्ती तिरपा चालवला! कप गेला, नाव गेलं, पुन्हा कधी पटावर बसला नाही तो. म्हणून पोरांनो, हरलात तरी सरळ हरा." गोष्ट इतकी चालली होती की त्यांचा एक जुना विद्यार्थी, आता न्यायाधीश झालेला, दिवाळीला फोन करायचा तेव्हा नमस्काराऐवजी म्हणायचा, "सर, तिरपा हत्ती अजून डुलतो का?" सरांना ते आवडायचं. आवडायचं हे आता आठवलं आणि घरी जाईपर्यंत ती चव तोंडातून हलली नाही. कोपऱ्यावरच्या गाडीवर गिला वडा खाऊन पाहिला. दह्यात भिजून लिबलिबीत झालेला वडा जिभेवर आला तसा कुणाच्या तरी तोंडातून काढून दिल्यासारखा वाटला. अर्धा टाकून दिला.

गोष्टींचं एक लहानसं पुस्तक मुलांसाठी काढावं, म्हणून ते गेले दोन महिने जुनी वर्तमानपत्रं चाळत होते. गोष्टी सगळ्या तयार होत्या, फक्त तिरप्या हत्तीची नेमकी तारीख हवी होती, आणि सापडला तर त्या माणसाचा फोटो. "तारखेशिवाय गोष्ट काय आंबते का तुमची?" असं त्यांच्या पत्नी सिंधूताई म्हणाल्या होत्या, पण डबा भरून देत होत्या. तर सर रोज दुपारी वाचनालयाच्या माडीवर बसत. नत्थुजी नावाचे तिथले म्हातारे शिपाई 'दैनिक पूर्णाकाठ'चे बांधीव खंड काढून देत. देताना अंगठा जिभेला लावून पानं मोजत, आणि सरांना पुढे तीच पानं उलटावी लागत. कागद तपकिरी, कडा बिस्किटासारख्या मोडणाऱ्या, शिवणीत चंदेरी कसर सरपटायची. नत्थुजी ती बोटाने चिरडून बोट धोतराला पुसत. "पेपरातलं काय मिळून राहिलं सर? मेलेल्याइचे भाव?" "एक माणूस शोधतोय." "जिता हाय का?" "माहीत नाही." "मंग पेपरात कावून शोधता? गावात जा ना."

पण सरांचा छापलेल्या अक्षरावर विश्वास होता. आणि माणूस सापडतही होता, ओळी-ओळीने. अडुसष्ट सालच्या एका खंडात, स्पर्धेच्या निकालात बाराव्या क्रमांकावर, 'कुरबान (अकोला)'. एकाहत्तरात 'खुर्बान शेख'. त्र्याहत्तरात नावच नाही, नुसतं 'अकोल्याच्या एका पेटीवाल्याने नागपूरच्या विजेत्यास बरोबरीत रोखून सर्वांस चकित केले'. शहात्तरात 'कुर्बाण', कुणीतरी णत्व लावलेलं. प्रत्येक वेळी त्याचं नाव वेगळं आणि प्रत्येक वेळी कंसात अकोला. सरांना पहिल्या पहिल्यांदा त्याची गंमत वाटली होती, वहीत त्यांनी एकाखाली एक सगळी नावं लिहून लाल शाईने दुरुस्त केली होती. लाल शाईची त्यांना सवय. मग जानेवारी एक्याऐंशी, आणि ठळक मथळा: 'हत्ती तिरपा चालतो काय?' ती तारीख सापडली त्या दिवशी त्यांनी नत्थुजींना चहा पाजला होता. त्या खंडाची पुढची पानं त्यांनी उलटलीच नव्हती. पुढच्या सालांतून फक्त एक जाहिरात हाताला लागलेली, सत्त्याऐंशीची, बोटभर: 'कुर्बान ट्रंक वर्क्स, जुने शहर, अकोला. लग्नाच्या पेट्या मजबूत मिळतील.' बस्स. मेल्याची बातमी नाही. सरांनी धरून चाललं होतं की असली माणसं अशीच संपतात.

सोमवारी ते माडीवर गेले ते घामाघूम होऊनच. तोच खंड मागितला. नगमाने उचललेला तो उंट डोळ्यांपुढून जात नव्हता. मथळ्याखालची बातमी त्यांनी आता पहिल्यापासून वाचली. पहिल्या वीस खेळ्या प्रतिस्पर्धी वामनराव वकिलांच्या कागदावरून घेतलेल्या. पुढे दोघांचीही घड्याळं संपत आली तसं वकिलांनी लिहिणं सोडलं होतं, म्हणून शेवटच्या अकरा खेळ्या 'विजयी खेळाडूने आमच्या वार्ताहरास तोंडी सांगितल्या'. एकविसावी खेळी: हत्तीने राजाच्या कोपऱ्याजवळचे प्यादे मारून शह. सरांनी डोळे मिटून पट मनात मांडला. हत्ती तिथे जाऊच शकत नव्हता. उंट जाऊ शकत होता, सरळ, मोकळ्या कर्णावरून. उंट दिला, राजा बाहेर खेचला, घोडा आला, वजीर आला, मात. पोरांना पहिल्या वर्षी शिकवतात तो बळी. तीस वर्षं त्यांनी स्वतः तो शिकवला होता, त्याच जेवणाच्या हॉलमध्ये, तिरप्या हत्तीची गोष्ट संपल्यावर. एवढं साधं होतं. आणि 'आमचा वार्ताहर' म्हणजे सत्तावीस वर्षांचा चिंतामण, अकोल्यात नुकताच मास्तर म्हणून लागलेला, महिन्याला दोन बातम्या छापून आल्या की कॉलर ताठ करणारा. सामन्यानंतर चहाच्या टपरीवर कुर्बानभाईने त्याला खेळ्या सांगितल्या. पत्र्याने कापलेली, डाग देऊन पत्रा सांधण्याच्या वासाची बोटं बाकड्यावर फिरवत सांगितल्या. फील, म्हणाला. आणि चिंतामणला शाळेत शिकलेला फीलखाना आठवला, हत्ती बांधायची जागा. आपल्याला उर्दू शब्द येतो याचा त्याला इतका आनंद झाला की त्याने विचारलंसुद्धा नाही.

इथवर सरांनी स्वतःला सावरलं. चूक झाली, चूक कुणाची होत नाही, तरुण होतो. मग शिक्षकाच्या शिस्तीने पुढची पानं उलटली. चौथ्या दिवशी वाचकांची पत्रं होती, घरोघरी लोकांनी पट मांडून पाहिले होते, 'तिरपा हत्ती' हा शब्द कुणा वाचकाने काढलेला. सातव्या दिवशी कमिटीने कप परत घेतल्याची दोन ओळींची बातमी. नवव्या दिवशी वामनराव वकिलांचं पत्र: 'घाईत नेमके काय घडले ते आता स्मरत नाही, तथापि छापील वृत्तांत असत्य मानण्याचे कारण दिसत नाही.' ज्याच्या राजासमोर तो उंट येऊन आदळला, त्याला स्मरत नव्हतं. बघणारे वीस-पंचवीस होते, त्यांतले खेळ कळणारे बहुतेक वकिलांच्याच बैठकीत उठबस करणारे, ते गप्प राहिले. आणि एकविसाव्या दिवशी, वायदेबाजाराच्या भावांखाली, चौकटीत, 'खुलासा'. सरांनी चष्मा काढून पुसला. 'रा. कुर्बान यांनी आमच्या वार्ताहराने शब्द चुकविल्याची तक्रार केली आहे. सदर आक्षेप सर्वस्वी निराधार व अज्ञानमूलक आहे. फील या शब्दाचा अर्थ कोणत्याही प्रमाण कोशात हत्ती असाच दिला असून आमच्या वृत्तांतात यत्किंचितही प्रमाद नाही. ज्यांस स्वभाषेतील शब्दांचा अर्थ ठाऊक नाही त्यांनी इतरांस दोष देऊ नये. — चिं. पिं.'

वाक्यं ओळखीची होती. 'यत्किंचितही' हा शब्द त्यांना तेव्हा फार आवडायचा. त्या शब्दाबरोबर शाळेचं फाटक आठवलं, आणि मग काहीच अडलं नाही, मोरी तुंबावी आणि एकदम सगळं वर यावं तसं आलं. मधली सुट्टी. फाटकाशी कुर्बानभाई उभा, इस्त्रीचा शर्ट घालून आलेला. त्याने खिशातून लाकडी उंट काढून तळहातावर ठेवला. "मास्तर, याले आमी फील म्हनतो. पेपरात हत्ती लागला. तेवढं बरं करून द्या." चिंतामणला त्याच क्षणी सगळं कळलं होतं. हे सरांना आता अगदी स्वच्छ आठवलं, की त्याच क्षणी कळलं होतं. पण भोवती सातवी-ब ची पोरं जमली होती, आणि त्यांच्यासमोर आपण चुकलो हे त्याच्या जिभेवर येईना. तो म्हणाला, "कोश बघा, कोश." कुर्बानभाईने विचारलं, "कोश मंजे?" पोरं खो खो हसली. चिंतामणने त्यांना गप्प केलं नाही. उंट परत खिशात गेला. त्रेचाळीस वर्षं त्यांना हे आठवलं नव्हतं, आणि आठवलं नव्हतं तरी त्यांनी त्याची गोष्ट केली, तिला सोंड लावली, तात्पर्य लावलं, बोलायला बुजणाऱ्या मुलांची भीड चेपायला ती वापरली. सरांनी खंड मिटला. शिवणीतून एक कसर त्यांच्या मनगटावर आली. ती त्यांनी चिरडली आणि तो चंदेरी भुगा अंगठ्यावर घेऊन खिडकीशी गेले. नत्थुजी म्हणाले, "सर, उलटी होते काय? खिडकीतून करू नका, खाली सायकली हाय."

घरी सिंधूताईंना त्यांनी सगळं सांगितलं. त्या मेथी निवडत होत्या. ऐकून घेतल्यावर म्हणाल्या, "मग पुस्तकातून ती गोष्ट काढून टाका." "काढली की झालं?" "नाही झालं. पण तुम्हाला झालं असं वाटावं, म्हणून म्हणून पाहिलं." आणि मेथीची पिवळी पानं बाजूला टाकत राहिल्या. जेवायला बसल्यावर सरांना आपला स्वतःचा आवाजच नकोसा झाला. समजावणारा, पाणी घातलेला, गोड आवाज. 'आमटी वाढ' म्हणतानासुद्धा तोच.

बुधवारी ते मूर्तिजापूरमार्गे एसटीने अकोल्याला गेले. पत्ता जाहिरातीतला. मोर्णा नदीवरून जुन्या शहराकडे जाताना काळ्या पाण्याचा वास रिक्षात भरला आणि त्यांनी रुमाल नाकाशी नेला, मग कुणासाठी हे सोंग, असं वाटून परत खिशात ठेवला. ट्रंक वर्क्सच्या जागी प्लॅस्टिकचे ड्रम आणि कुलरच्या टाक्या रचलेल्या. गल्ल्यावर कुर्बानचा नातू इमाद. दादा दोन हजार चारला गेले, म्हणाला. दादी हाय ना वर, जा. "तुमी कोन?" सरांनी नाव सांगितलं. त्याने जिन्यातून वर तोंड करून हाक दिली, "दादी! मास्तर आले! पेपरवाले मास्तर!" आणि सरांना ज्याची अजिबात कल्पना नव्हती ते झालं. सत्त्याहत्तर वर्षांच्या खातूनबी कठड्याला धरून दोन पायऱ्या खाली उतरून आल्या. "या मास्तर, या. लय वाट पाह्यला लावली. तो असता तं नाचला असता." खुर्ची पुसली गेली, पंखा लागला, शेवया आल्या. सरांनी वाटी हातात घेतली आणि तिच्यातल्या दुधावर धरलेल्या सायीकडे बघत राहिले.

"भाभी, मी एक सांगायला आलोय."

"सांगसान. आदी खा. तुमचं नाव त्यानं शेवटलोक घेतलं. खेळ सोडला तवा मी म्हटलं, कावून सोडता, तं म्हने, मन नाही राह्यलं. पन त्या मास्तरचं मन साफ हाय, म्हने. वकील बोलला नाही, कमेटी बोलली नाही, एक मास्तरनं माफी छापली." त्यांनी उशाखालून रेशन कार्डाची प्लॅस्टिकची पिशवी काढली. तिच्यातून घडीवर घडी घातलेला एक कागद. वायदेबाजाराचे भाव, आणि खाली चौकट. "आमाले काई मराठी वाचता येत नाही. त्या टायमाले पोस्टमननं वाचून सांगतलं, कुर्बानभाई, माफी मांगली म्हने तुमाले. इमादले दिलं एकदा, तं म्हने दादी, हे लय जुनं मराठी हाय, मले नाही समजत. मी आजवर दुसऱ्याच्याच तोंडून आयकलं. तुमी वाचा. तुमच्या तोंडून आयकू द्या."

कागद सरांच्या हातात आला. घड्यांवर अक्षरं उडाली होती, पण वाचण्यापुरती होती. माफीची वाक्यं त्यांच्या जिभेवर तयार होती, स्वल्पविरामांसकट. वाचतो आहे असं दाखवत ती म्हणायची, एवढंच. म्हातारी सुखाने डोळे मिटेल, तेही शेवया खाऊन चारच्या गाडीने परततील, आणि हे दयेचंच काम ठरेल. इतक्या चटकन ते सुचलं की सरांना आपल्या डोक्याचीच शिसारी आली. ते वाचू लागले. "सदर आक्षेप सर्वस्वी निराधार व अज्ञानमूलक आहे."

"मतलब?"

"मतलब..." सरांनी वाटी खाली ठेवली. "मतलब, चूक झाली."

"आन ते अज्ञान काय म्हटलं?"

"अज्ञानमूलक. म्हणजे, अडाणीपणातून झालेली."

"अज्ञान मले समजते, मास्तर. मी इथंच जलमली. कोनाचं अज्ञान?"

"माझं."

खातूनबींनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. पोराने पाटी पुसून उत्तर बदललं की सर स्वतः ज्या नजरेने बघायचे, तसं. "तसं लिवलं हाय का त्याच्यात?"

खाली इमाद कुणाला तरी टाकीचा भाव सांगत होता. सरांनी कागदाकडे पाहिलं, चौकटीकडे, त्या दोन अक्षरांकडे. "नाही," ते म्हणाले. "त्यात कुर्बानभाईचं अज्ञान लिहिलंय." आणि मग त्यांनी एकेक शब्द सोडवून सांगितला, पाचवीच्या वर्गाला सांगतात तसा, काही न गाळता. निराधार म्हणजे ज्याला पाया नाही. प्रमाद म्हणजे चूक. यत्किंचितही म्हणजे एवढीशीसुद्धा. ज्यांस स्वभाषेतील शब्दांचा अर्थ ठाऊक नाही, म्हणजे ज्याला स्वतःची बोलीसुद्धा कळत नाही असा माणूस. फाटकाजवळचं सांगितलं. कोश सांगितला. पोरं हसली तेही.

"मंग माफी कोनत्या ओळीत हाय?"

"कुठल्याच नाही."

"पोस्टमन तं म्हने..."

"त्याने तुमचं मन राखलं, भाभी."

"आमचं कायचं? तुमचं राखलं. तेवीस वर्सं त्या मानसानं तुमाले दुवा देली." त्या रडल्या नाहीत. कागदाची घडी घातली, ती पुन्हा उलगडली, जणू आता ती कुठे ठेवायची ते ठरत नव्हतं. शेवयांची वाटी त्यांनी सरांच्या पुढून उचलली आणि आपल्या मागे, भिंतीशी नेऊन ठेवली. मग म्हणाल्या, "आता कावून आले? पोट दुखलं म्हून?"

"हो," सर म्हणाले. "मी लिहून देतो, भाभी. सही करून. पेपरातही देतो."

"तुमचं लिवलेलं मले वाचता येत नाही." त्यांनी इमादला हाक मारून वहीचा कागद आणि पेन मागवलं. चष्मा लावला, एक काडी दोऱ्याने बांधलेली. उर्दू शाळेत चौथीपर्यंत शिकले होते, म्हणाल्या, तेवढं पुरते. कागद मांडीवर घेतला. "बोला. मी लिवते. मंग मी वाचून पाह्यते का तुमी काय बोलले."

सर बोलू लागले. गोड आवाज येईना, बरं झालं. खातूनबी उजवीकडून डावीकडे, मान वाकवून, सावकाश लिहीत होत्या. अक्षरं एकमेकांत अडकत पुढे सरकत होती आणि त्यातलं एकही सरांना वाचता येत नव्हतं. शब्द माहीत होते चार, लिपी कधी शिकले नव्हते. त्या काय लिहितात ते आपण सांगितलं तसंच आहे की नाही, हे बघायचा काही उपाय नव्हता. सांगता सांगता ते फाटकापाशी आल्यावर खातूनबींनी पेन थांबवलं.

"चूक लिवू, का झूट?"

"झूट."

त्यांनी ते लिहिलं. मग ओळीच्या टोकाशी पेन टेकवून विचारलं, "आन पुढं?"

सरांनी तोंडातलं गिळलं. "पुढं लिहा, की मग मी ते तीस वर्षं पोरांना शिकवलं."

पेन हललं नाही. खातूनबींनी चष्म्यावरून वर पाहिलं.

"काय शिकवलं?"